पनवेलची चाकं: धाव चढवण्यापासून रिम रंगवण्यापर्यंत

हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल, लोकलमध्ये नेटवर्क जात असेल, तर वाचा. बोलताना जे अर्धवट राहिलं ते लिहिताना थोडं नीट केलंय, बाकी बोलल्यासारखंच ठेवलंय.

आजचा विषय म्हणजे चाक. तेही नवीन चकाचक चाक नाही, जुनं, वापरलेलं, खिशाला परवडेल अशा पैशांत पुन्हा रस्त्यावर आणलेलं चाक. सेकंडहँड गाडी घेतलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न येतोच. गाडी चांगली मिळाली, इंजिन ठीक आहे, पण रिम गंजलेल्या, नाहीतर ॲलॉय फुटपाथला घासून खरवडलेले. नवीन चार घ्यायचे म्हणजे महिन्याचं बजेट कोसळतं. मग यूट्यूब, पॉलिश पेपर, स्प्रेचा डबा.

याचा इतिहासाशी काय संबंध? भरपूर आहे. आणि तो संबंध आपल्या पनवेलशीच आहे. आज पनवेल म्हटलं की एक्स्प्रेसवे, नवीन विमानतळ आणि फ्लॅटचे दर डोळ्यांसमोर येतात. पण दीडशे वर्षांपूर्वी पनवेलची ओळख सांगताना इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये एक गोष्ट आवर्जून येते: इथे बैलगाडीची चाकं बनतात. हा इथला मोठा धंदा होता. घाटावरून खाली उतरलेल्या गाड्या इथून चाकं घेऊन परत जात. म्हणजे आपण आज राहतो ते गाव एके काळी चाकांचं गाव होतं.

तर आज आपण तीन चाकं बघणार आहोत. लाकडाचं, स्टीलचं आणि ॲलॉयचं. आणि एकच प्रश्न तिन्हींना विचारणार आहोत: हे बिघडलं तर स्वस्तात दुरुस्त होतं का, आणि दुरुस्त झालं म्हणजे नक्की काय होतं?

पनवेलच का?

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबई बेट, मध्ये खाडी, मग पनवेल, मग खोपोली, मग बोरघाट आणि वर खंडाळा-लोणावळा, पुढे पुणे. रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीत बसून पनवेलला यायचा आणि इथून जमिनीचा रस्ता धरायचा. पनवेल हे बंदर होतं. आज ती खाडी गाळाने भरलेली बघून विश्वास बसणार नाही, पण होतं.

घाटातून मात्र पूर्वी गाडी जात नव्हती. माल जायचा तो बैलांच्या पाठीवर. लमाणांचे तांडे, शेकडो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर गोण्या. घाटावरचं धान्य खाली, कोकणातलं मीठ वर. चाकाचा संबंधच नाही. १८०४ च्या सुमारास वेलस्लीने, म्हणजे पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या सेनापतीने, तोफा नेता याव्यात म्हणून बोरघाटाची वाट सुधारून घेतली. पण चाकाच्या गाड्यांसाठी खरा बांधलेला रस्ता १८३० साली सुरू झाला, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात. घाट चाकांसाठी उघडला आणि सगळा हिशोबच बदलला.

आता घाटावरच्या गाड्यांचं बघा. दख्खनमधली जुनी गाडी म्हणजे भरीव चाकांची, अवजड, कुरकुरत चालणारी. १८३० च्या दशकात पुणे-सोलापूर भागात जमीन मोजणीच्या कामावर असलेल्या गेसफर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हलक्या, आऱ्यांच्या चाकाच्या गाडीचा प्रसार केला. रस्ता आला, हलकी गाडी आली. दोन्ही एकाच दशकात. अँड्रॉइड आणि स्वस्त डेटा एकत्र आल्यावर जे झालं तेच झालं. गाड्या वाढल्या.

आणि या गाड्या घाट उतरून यायच्या कुठे? पनवेलला. कापूस, धान्य उतरवायचं, पैसे हातात घ्यायचे. घाट उतरताना चाकांचं जे व्हायचं ते झालेलंच असायचं. जवळच्या डोंगरांत लाकूड, समुद्रमार्गे मुंबईहून लोखंड, आणि समोर हातात पैसे असलेला, चाकं खिळखिळी झालेला गाडीवान. धंदा इथे उभा राहिला यात नवल काय? आज हायवेच्या तोंडाशी टायरवाले का बसतात याचं जे उत्तर, तेच तेव्हाचं.

१८५२ साली पनवेलला नगरपालिका झाली, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये बोरघाटाची चढण पूर्ण होऊन मुंबई-पुणे थेट गाडी सुरू झाली. बंदराचं महत्त्व ओसरायला लागलं. पण गंमत अशी की चाकांचा धंदा लगेच मेला नाही. कारण रेल्वे स्टेशनपर्यंत माल न्यायलाही बैलगाडीच लागायची. रेल्वेनंतर कितीतरी वर्षांनी छापलेल्या गॅझेटियरमध्येही पनवेलच्या चाकांचा उल्लेख आहे तो यामुळेच.

पहिलं चाक: सुट्या भागांचं

आता लाकडी चाक उघडून बघू. मधला जाड गोल ठोकळा म्हणजे तुंबा. त्यात ठोकलेले दांडे म्हणजे आरे. आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांना वक्र लाकडी तुकडे जोडून गोल पूर्ण करायचा. आणि या सगळ्याला बाहेरून आवळून धरणारा लोखंडी पट्टा म्हणजे धाव. तुंब्याच्या भोकातून आस जातो, बाहेर खीळ मारायची, मध्ये वंगण. झालं चाक.

यात सगळ्यात हुशारीचा भाग धाव. लोहार धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान बनवतो. मग गोवऱ्यांचा आणि लाकडाचा जाळ करून ती तापवतो. तापली की लोखंड प्रसरण पावतं, धाव मोठी होते. सांडशीने दोघा-तिघांनी धरून ती चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि लाकूड पेटायच्या आत भराभर पाणी ओतायचं. धाव आक्रसते आणि सगळे सांधे कचकचून आवळले जातात. एक खिळा न मारता.

इंजिनिअर माणूस आहे, हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. समजा चाकाचा घेर ४ मीटर. लोखंड एका अंशाला साधारण दशलक्षात १२ भाग वाढतं. ५०० अंशांनी तापवलं तर घेर वाढतो सुमारे २४ मिलिमीटर. म्हणजे जवळपास एक इंच. लोहाराकडे थर्मामीटर नव्हता, सूत्र नव्हतं. त्याच्याकडे धावेचा रंग होता आणि हाताचा अंदाज होता. अंदाज कमी पडला तर धाव चढणार नाही, जास्त झाला तर सैल राहणार. आणि हे काम चुकलं तर घाटात कळणार.

आता दुरुस्ती बघा, कारण आपला विषय तो आहे. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, आक्रसतं, धाव खडखडायला लागते. गाडीवानाचा शून्य रुपयाचा उपाय: चाक ओढ्यात उभं करायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, धाव पुन्हा घट्ट. तात्पुरतं, पण घरी पोचण्यापुरतं पुरतं. त्याने भागलं नाही तर लोहाराकडे जायचं. तो धाव काढून तिचा छोटासा तुकडा कापतो, टोकं तापवून जोडतो आणि परत चढवतो. एक आरा मोडला? सुतार तेवढा एक आरा बदलतो. तुंब्याचं भोक झिजलं? तेवढंच दुरुस्त करतो. पैसे नसतील तर बलुत्यात, सुगीला धान्य.

इथे एक मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या प्रत्येक दुरुस्तीत चाकाची ताकद परत येत होती. रूप नाही, ताकद. रंग उडालाय म्हणून कोणी लोहाराकडे जात नव्हतं. जात होतं ते सांधा ढिला झालाय म्हणून.

जाता जाता एक शब्द. लोखंडी धावा एकाच रेषेत जाऊन मातीच्या रस्त्यात जो खोलगट माग पडायचा त्याला म्हणतात चाकोरी. आपण ऑफिसमध्ये 'चाकोरीबाहेरचा विचार' म्हणतो ना, तो शब्द बैलगाडीच्या चाकाने रस्त्यावर लिहिलाय.

मधला टप्पा: रबर आणि स्टेपनी

१८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेलं टायर केलं. मोटारी आल्या, टायर आले आणि त्याबरोबर पंक्चर आलं.

सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर सोडवून ठिगळ लावायचं. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी एक युक्ती काढली. आरे नसलेली, टायर चढवून हवा भरलेली रिम. पंक्चर झालेल्या चाकालाच ती बाजूने अडकवायची आणि निघायचं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं. म्हणून ती 'स्टेपनी'. बाकीच्या बऱ्याच जगात पुढे दुसरे शब्द रूढ झाले, पण आपण आजही डिकी उघडून 'स्टेपनीत हवा आहे का रे?' असंच विचारतो. वेल्समधल्या एका गल्लीचं नाव कळंबोलीच्या टायरवाल्याच्या तोंडी आहे.

रबराने बैलगाडीलाही गाठलं. ऊसपट्ट्यात हवेच्या टायरची बैलगाडी आली. तिला लोक सरळ 'टायर' किंवा 'टायरगाडी' म्हणतात. ऊसतोड कामगारांमध्ये 'टायर सेंटर' हा शब्द आजही आहे. या गाड्यांना जुन्या मोटारींची चाकं आणि टायर लागले, म्हणजे एकाचं निवृत्त चाक दुसऱ्याची नवी नोकरी. वापरलेल्या चाकांचा बाजार आपल्याकडे फॅशनमधून आलेला नाही, गरजेतून आलाय.

पण यात लाकडी चाकं करणाऱ्याचं काम गेलं. धाव चढवायला गोवऱ्या, घण आणि चार माणसं लागायची. टायरगाडीला पंप आणि ठिगळ पुरतं.

दुसरं चाक: स्टीलचं, ठोकून सरळ होणारं

आता मुंबईत या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. तिथून आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग फियाट आली. आजोबांच्या पिढीची 'डुक्कर फियाट' आणि मग वडिलांच्या पिढीची पद्मिनी. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी हे समीकरण इतकं घट्ट होतं की ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा ती बातमी झाली.

त्या काळात गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. परवाना राज. म्हणून एकदा मिळालेली गाडी मरू द्यायची नाही हा नियम. आणि पद्मिनीचं चाक या नियमाला साजेसं होतं. १४ इंची स्टीलची रिम. दोन भाग: बाहेरची रिंग आणि मधली तबकडी, एकमेकांना वेल्ड केलेले. वर चकचकीत कप.

स्टीलचा स्वभाव असा की ते आधी वाकतं, मग तुटतं. खड्ड्यात आपटलं तर रिमची कड आत दबते, हवा निघते, पण चाक सहसा एकदम फुटत नाही. ते तुम्हाला सूचना देतं. टायरवाला हातोडा घेतो, दबलेली कड ठोकून बाहेर काढतो, फिरवून बघतो, पुन्हा ठोकतो. याला आपण 'बेंड काढणं' म्हणतो. त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी आणि पुण्याच्या जुन्या बाजारात स्टीलच्या रिमचे ढीग लागले. घ्यायच्या, ठोकायच्या, घासायच्या, रंगवायच्या, वापरायच्या. हायवेवर केरळमधून येऊन टपरी टाकलेल्या टायरवाल्यांच्या पिढ्या यावर जगल्या.

म्हणजे दुसऱ्या चाकात काय बदललं? सुटा आरा बदलता येत नाही, पण ठोकून आकार परत आणता येतो. ताकद थोडी कमी होते, कारण एकदा वाकून सरळ केलेलं लोखंड पहिल्यासारखं राहत नाही. पण वेग कमी होते, मार्जिन भरपूर होतं. चालून गेलं.

तिसरं चाक: ॲलॉय, आणि वेगाचा हिशोब

मग २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण झाला. सहा लेन, काँक्रीट, सुमारे ९५ किलोमीटर, आणि सुरुवात आपल्या कळंबोलीपासून. ज्या गावात घाट उतरलेली गाडी चाक बदलायची, तिथूनच आता गाडी ताशी १०० ने घाटाकडे सुटते. त्याच काळात गाड्यांना ॲलॉय व्हील यायला लागले.

इथे पुन्हा हिशोब. बैलगाडी ताशी ४ किलोमीटर. घेर ४ मीटर धरला तर चाक मिनिटाला साधारण १७ फेरे घेतं. आता १५ इंची रिमची कार ताशी १०० ने. टायरसकट घेर धरा १.९ मीटर. मिनिटाला सुमारे ८७५ फेरे. सेकंदाला चौदा-पंधरा. वेग २५ पट, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून तेवढ्याच वजनामागे ६२५ पट.

अजून एक. रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅम वजन जास्त झालं, समजा कोणी तिथे पुट्टीचा जाड थर दिला, तर या वेगाला ते साधारण तीन-सव्वातीन किलोच्या ओढीएवढं काम करतं. प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत. स्टिअरिंग थरथरतं ते उगाच नाही.

ॲलॉय म्हणजे ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम मिसळून साच्यात ओतलेलं एकसंध चाक. त्यात आरे दिसतात, पण ते आरे नाहीत, आऱ्यांसारखा आकार आहे. एक मोडला म्हणून बदलता येत नाही. ओतल्यावर त्याला ठरावीक तापमानांत तापवून, थंड करून, मग दीडशे ते पावणेदोनशे अंशांच्या आसपास काही तास ठेवून ताकद आणलेली असते. म्हणजे ताकद नुसत्या धातूत नाही, त्याच्या तापण्याच्या इतिहासात आहे. (हे वाक्य मला फार आवडतं, इतिहासाच्या पॉडकास्टसाठीच बनलंय.)

आता कोणी तडा गेलेला ॲलॉय वेल्ड केला तर काय होतं? सांध्यापाशी धातू वितळतो, म्हणजे सहाशे अंशांच्या आसपास. तो सगळा इतिहास तिथे पुसला जातो. वरून घासून रंग दिला की दिसत काहीच नाही. आणि ॲलॉय स्टीलसारखी सूचना देतोच असं नाही. वाकण्याऐवजी तडकतो.

लोहार आगीने चाकाला ताकद देत होता. इथे आग ताकद काढून घेते. दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो: दुरुस्ती.

कामोठ्यातला प्रश्न

माझा मावसभाऊ कामोठ्याला राहतो, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. गाडी भाड्याने चालवतो, महिन्यातून दहा-बारा वेळा पुण्याची फेरी. त्याला वापरलेल्या चार ॲलॉयचा सेट स्वस्तात मिळत होता. त्याने फोटो पाठवले. मी म्हटलं, "दादा, तिसऱ्या रिमच्या आतल्या बाजूचा फोटो दे ना."

फोटो आला. आतल्या कडेला मण्यांसारखी वेल्डिंगची रेघ.

"अरे, तो म्हणतो मजबूत केलंय. हवा अजिबात निघत नाही, पाण्यात टाकून दाखवलं त्याने."

"दादा, हवा न निघणं म्हणजे गळती बंद झाली. ताकद आली असं नाही. तुझ्या गाडीत मागे तीन माणसं आणि सामान असतं. घाट उतरताना सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं."

"मग साडेतीन हजार वाचत होते ते?"

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला हसण्यात अर्थ नाही. साडेतीन हजार म्हणजे त्याच्या मुलीच्या क्लासची फी. एक्स्प्रेसवेवरून जाणाऱ्या गाड्यांतल्या कितीतरी अशाच हिशोबावर चालतात. त्यांना 'नवीन घ्या' म्हणणं म्हणजे सल्ला नाही, नुसती सुटका आहे.

आम्ही काय केलं ते सांगतो, कारण बजेटवाल्यांना ते उपयोगी पडेल. ॲलॉयचा नाद सोडला. त्याच्याच मॉडेलच्या वापरलेल्या स्टीलच्या रिम शोधल्या. न वाकलेल्या, न ठोकलेल्या, फक्त गंजलेल्या. त्या दोन रविवारांत घरी केल्या. रंगाचं आणि घासायचं सामान दोन हजारांच्या आत बसलं. वर प्लॅस्टिकचे कप. दादा म्हणाला, "दिसतायत बरी." तेवढं पुरे.

स्वस्तात काय करायचं, काय नाही

पद्धत थोडक्यात सांगतो. स्टीलच्या रिमसाठी.

विकत घेण्याआधी पीसीडी जुळवा, म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. मधलं भोक आणि ऑफसेटही तुमच्या गाडीचाच हवा. 'बसतंय' आणि 'जुळतंय' यात फरक आहे.

टायरवाल्याकडे बॅलन्सिंग मशीनवर नुसती रिम चढवून फिरवा. डोलत असेल तर सोडून द्या. बोल्टच्या भोकांभोवती आणि रिंग-तबकडीच्या वेल्डपाशी तडा आहे का, टॉर्च मारून बघा. बोल्टची भोकं लांबट झाली असतील तर ती रिम भंगारात.

मग साबणाने धुवा, वायर ब्रशने गंज काढा. आधी ८० नंबरचा पेपर, मग १५०, मग ३२०. गंज खाऊन पत्र्यात खड्डे पडले असतील तर थांबा. ती रिम रंगाने वाचणार नाही. थिनरने पुसा, रेड ऑक्साइड किंवा चांगल्या प्रायमरचे पातळ दोन हात, सुकू द्या, मग सिल्व्हर किंवा काळ्याचे दोन-तीन पातळ हात. एकच जाड हात मारला की ओघळ येतात.

सगळ्यात महत्त्वाचं: नट जिथे बसतो ती जागा आणि हबला टेकणारी मागची बाजू टेप लावून झाका. तिथे जाड रंग बसला तर नट रंगावर आवळला जातो, रंग दबतो आणि नट ढिला पडतो. चाक बसवताना नट समोरासमोर, आलटून पालटून आवळा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. बॅलन्सिंग रंगानंतर, आधी नाही.

ॲलॉय असतील तर? फुटपाथला घासून आलेले वरवरचे ओरखडे घासून, प्रायमर, रंग आणि लॅकर देऊन बरे होतात. ते रूपाचं काम आहे, घरी करा. पावडर कोटिंगच्या भट्टीत तापमान साधारण १८० ते २०० अंश जातं, म्हणून तिथे वारंवार आणि जास्त वेळ भाजणं टाळा. आणि तडा असेल, तुकडा उडाला असेल, वेल्डिंग दिसत असेल, तर किंमत कितीही कमी असो, नको.

एका ओळीत सांगायचं तर: गंज आणि ओरखडे तुमचे, वाकणं तज्ज्ञाचं, तडा भंगारवाल्याचा.

मग इतिहासाने काय शिकवलं?

आपण तीन चाकं बघितली. लाकडी चाक सुट्या भागांचं, म्हणून गावातला सुतार-लोहार ते पुन्हा पुन्हा उभं करायचा. स्टीलचं चाक दोन भागांचं, ते हातोड्याने बऱ्यापैकी सुधरायचं. ॲलॉय एका भागाचं, ते दिसायला सगळ्यात सहज सुधारतं आणि आतून सगळ्यात कमी. वेग वाढत गेला, दुरुस्तीची जागा आकसत गेली आणि रंगाची जागा वाढत गेली.

'जुनं ते सोनं' असं मी म्हणणार नाही. बैलगाडीने पुण्याला जायला दिवस लागायचे, धाव निघून गाडी घाटात कलंडायची, आणि बलुत्यावर जगणाऱ्या लोहाराचं आयुष्य काही सोपं नव्हतं. ॲलॉय हलका आहे, ब्रेकला हवा देतो, चांगला आहे. पण लोहाराकडे एक गोष्ट होती जी आपल्याला परत हवी आहे. धाव चढवून झाल्यावर तो चाक उचलून जमिनीवर आपटायचा आणि आवाज ऐकायचा. घट्ट चाक वेगळं वाजतं. तो वजन कुठे पडतंय ते तपासत होता, चमक नाही.

पनवेलमध्ये आज बैलगाडीची चाकं करणारं गाव दिसत नाही. पण रोज या शहरातून हजारो चाकं घाटाकडे जातात आणि त्यातली बरीचशी कोणीतरी, कुठेतरी, कमी पैशांत पुन्हा उभी केलेली असतात. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट तोच या गावाचा जुना धंदा आहे. फक्त रंगाचा डबा हलवण्याआधी टॉर्च घ्या आणि रिमची आतली बाजू बघा. दिसणारी बाजू विकणारा दाखवतोच.

तुमच्या घरात, गावाकडच्या गोठ्यात जुनं लाकडी चाक पडलं असेल तर त्याचा फोटो पाठवा. आणि आजी-आजोबांना विचारा की तुमच्या भागात त्याच्या भागांना काय म्हणतात. दर बारा कोसांवर शब्द बदलतो, आणि हे शब्द वापरणारी पिढी आता थकलीय. जमले तर एक छोटी यादी पुढच्या भागात वाचून दाखवतो.

तोपर्यंत गाडी सांभाळून चालवा, स्टेपनीत हवा भरून ठेवा. भेटू पुढच्या भागात.